भेट झाली

पिंप्राळ्यातल्या स्वतःच्या गेटवर रतिलालनानांना त्या दिवशी एक भेट लिहिलेली सापडली, आणि ती भेट झालेलीच नव्हती. नळाला पाणी आलं म्हणून ते पाइप ओढत गेटपर्यंत गेले, तर डाव्या पत्र्यावर पांढऱ्या खडूनं घर क्रमांक, खाली तारीख २२/१, बरोबरची खूण आणि एक शेपटीवाली सही. कसलीशी आरोग्य मोहीम चालू होती. घरोघर जायचं, खोकला किती दिवसांचा, अंगावर चट्टा आहे का असं विचारायचं आणि गेटवर खूण करून पुढे सरकायचं. पण नाना सकाळी आठपासून ओट्यावरच्या खुर्चीतच होते. निवृत्त माणसाला दुसरं काम काय. गल्लीतून गेलेल्या प्रत्येक माणसाची, स्कूटरची आणि म्हशीची हजेरी त्यांच्याकडे होती. दोन भाजीच्या गाड्या, एक भंगारवाला, पत्ता चुकलेला कुरिअरवाला. पिशवी अडकवलेलं कुणीही नाही. म्हणजे नाना आंघोळीला गेले तेवढ्या सात-आठ मिनिटांत कुणीतरी वाकलं, लिहिलं आणि सटकलं. नानांना आधी हसूच आलं. त्यांनी चष्मा पुसून सही नीट पाहिली. हात बसलेला होता. घाई नाही, खडू कुठे अडखळलेला नाही. एका कारागिरानं दुसऱ्याचं काम पाहावं तसं त्यांनी ते पाहिलं, 'वा' म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून नुसती हवा आली. पाइप हातातून सुटला, चपला भिजल्या. बेंबीच्या वर चार बोटं, जिथे गेली पस्तीस वर्षं त्यांच्या सांगण्याप्रमाणे ॲसिडिटी राहत होती, तिथे कुणीतरी आतून दार लोटलं.

कारण ही विद्या नानांची स्वतःची. अठ्ठावीस वर्षांचे होते तेव्हा ते पिंपळनेरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या पाड्यांवर आरोग्य सेवक होते. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत काचपट्ट्या, सुया, स्पिरिटचा बोळा आणि तापाच्या कडू गोळ्या. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. आणि गेल्याची खूण म्हणून दाराशेजारच्या भिंतीवर जी चौकट रंगवलेली असे, तिच्यात तारीख टाकून सही करायची. सरकारचा विश्वास माणसावर नव्हता, भिंतीवर होता. नानांनी हे दुसऱ्याच महिन्यात ओळखलं. चढण चढून पायांचे तुकडे पडायचे. मग एका फेरीत तीन फेऱ्यांच्या तारखा टाकून ठेवायला काय हरकत? भिंत काही बोलत नाही. भिंतींवर नाना इतके नियमित होते की त्या वर्षी तालुक्यात त्यांचा सत्कार झाला. पुढे हीच गोष्ट ते लग्नाच्या पंगतीत, निरोप समारंभात, दहाव्याला जमलेल्या लोकांतसुद्धा सांगत. सुपरवायझर झुलाल अहिरे दहा तारखेला अचानक पाड्यावर उगवले, आणि भिंतीवर चौदा तारीख सहीसकट हजर. "ही काय भानगड, रतिलाल?" नाना म्हणाले, साहेब, ती माझी तारीख नाही, घरातल्या पोरीच्या साखरपुड्याची आहे, घरात कॅलेंडर नाही म्हणून इथे टिपली. मग खाली तुझी सही कशी? मला साक्षीदार धरलंय, साहेब. इथवर लोक हसून हसून आडवे होत. मग नाना दम खाऊन सांगत की झुलाल साहेब भोळा माणूस, चौदा तारखेला नारळ आणि पेढे घेऊन खरंच हजर झाला, त्यामुळे घरच्यांना धावपळ करून नवरा शोधावा लागला, आणि त्या पोरीला आता तीन मुलं आहेत. दर वेळी मुलांत एकाची भर पडे. गेल्या वर्षी आकडा सातावर गेला तेव्हा सुनंदाबाई, म्हणजे नानांच्या मंडळी, म्हणाल्या होत्या की आता थांबा, त्या बाईचं वय झालं.

दहा तारीख खरी होती. चौदा तारीखही खरी होती. साहेबांनी शिव्या घातल्या तेही खरं. फक्त गोष्टीत नाना पाड्याचं नाव बदलत आणि चौदा तारखेला स्वतः कुठे होते ते सांगत नसत.

पाण्याचा पाइप तसाच वाहत राहिला, गल्लीत ओहोळ गेला, तेव्हा शेजारची समीक्षा गेटशी आली. ही मूळची साक्रीकडची, समाजकार्य शिकलेली, सत्तावीस वर्षांची. शेजारच्या खोलीत भाड्यानं राहते आणि नानांना नाना म्हणता म्हणता गेल्या आठ महिन्यांत तिनं त्यांना कामालाच जुंपलं होतं. पिंपळनेरच्या वरचे सहा पाडे, प्रत्येक पाड्यावरची अठरा ते पंचवीस वयाची दोन-दोन मुलं-मुली. त्यांना रक्तदाब मोजायला, हिमोग्लोबिन पाहायला, सिकलसेलची तपासणी कशी करून घ्यायची ते शिकवायचं, आणि एकेकाला तीस घरं वाटून द्यायची. आपल्याच पाड्याची घरं, आपल्याच लोकांचं दुखणं. पोरं तयार होती, सहा महिने फुकट शिकत होती. आता दोन वर्षांचा खर्च कुणीतरी उचलायला हवा होता, नाहीतर पुढच्या हंगामात तीही बाकीच्यांसारखी ऊसतोडीला नाहीतर सुरतेला जाणार होती. धुळ्याच्या एका ट्रस्टनं उद्या बोलावलं होतं. नानांनी तिला सल्लागार म्हणून काय नाही शिकवलं: अर्जात 'जनजागृती' हा शब्द पानाला एकदाच वापरावा, नकाशा रंगीत द्यावा, आणि साहेबलोकांसमोर पोरांच्या नावांची यादी वाचू नये, एका पोराची गोष्ट सांगावी. फक्त पाड्यांची यादी आली तेव्हा चौथ्या नावावर त्यांचं बोट थांबलं होतं. सावरीपाडा. नाना सहज म्हणाले होते की हा वगळ, रस्ता खराब आहे. समीक्षा म्हणाली होती, "रस्ता खराब आहे म्हणूनच घेतलाय, नाना." त्यावर काय बोलणार, ते पुढच्या पानाकडे वळले होते. आता तिनं गेटवरची खूण पाहिली आणि विचारलं की आले होते का तपासायला. नानांनी नळ बंद केला. हो म्हणावं की नाही, यावर त्यांचं आयुष्यभराचं कसब एक क्षण अडून राहिलं. "लिहिलंय तर खरं," ते म्हणाले.

संध्याकाळी गल्लीत कुणाच्या तरी गच्चीवर भरताचा बेत होता. जानेवारीत जळगावात नाक उघडं ठेवणंच मुश्कील. कपाशीच्या काड्यांचा जाळ करून त्यावर हिरवी लांबट वांगी भाजतात, साली करपतात, तो कडवट गोड धूर सगळ्या कॉलनीवर पसरतो, आणि माणसं घराघरांतून ओढल्यासारखी बाहेर येतात. नाना मात्र अशा वेळी खिडक्या लावून घेतात. सगळ्या नात्यागोत्यात हे माहीत होतं: खान्देशातला एकमेव माणूस, ज्याला भरीत चालत नाही. ॲसिडिटी. सुनंदाबाईंनी लग्नानंतर दोन वर्षं मन मारून पाहिलं, मग त्या माहेरी जाऊन खायला लागल्या. आज खिडक्या लावूनही तो वास आला. कुठून आला कळेना. कदाचित बाहेरून नव्हताच. चौदा नोव्हेंबर, उन्हं उतरलेली, पांझरेच्या काठच्या एका मळ्यात चटया टाकलेल्या, आणि मित्रांच्या घोळक्यात अठ्ठावीस वर्षांचा रतिलाल मिरचीच्या ठेच्यानं नाक पुसत तिसऱ्यांदा भरीत वाढून घेतोय. कुणीतरी विचारलं होतं, आज तुझी फेरी नव्हती का रे? त्यानं बोटं चाटत सांगितलं, झाली की. भिंतीवर बघ. पोरं हसली. झुलाल साहेब चारच दिवसांपूर्वी वर जाऊन आले होते, आता महिनाभर कुणी तपासणार नव्हतं. चौदा तारीख भिंतीवर आपल्या आपण शिळी होत होती. ती वांगी, तो जाळ, जिभेवरचं ते कच्चं तेल. आणि मग अठ्ठावीसला तो वर गेला, तर सावरीपाड्यावरच्या शेवटच्या घराच्या दारात बाभळीची काटेरी फांदी आडवी लावलेली, घरात कुणी नाही. अंगणातली खाट नाही. खाटेच्या चार पायांचे चार खड्डे तेवढे मातीत. त्या घरात द्रौपदाबाई नावाची बाई होती, नवरा नसलेली, तिची एक शाळकरी मुलगी, आणि सतरा वर्षांचा पोरगा भटू, जो पिशवीतली स्पिरिटची बाटली हुंगायला मागायचा. शेजारची म्हातारी पुढे आली, म्हणाली, त्या पोऱ्याला चौदा तारखेला असा ताप चढला की... पण नाना मध्येच म्हणाले, मला उशीर झालाय. त्यांनी पुढचं ऐकलंच नाही. ऐकलं नाही, पण चौकटीत अठ्ठावीस तारीख टाकली. सही केली. हात थरथरला नाही, हे त्यांना आजही आठवत होतं, आणि तेच आठवायचं नव्हतं. महिन्याभरात त्यांनी रावेरकडे बदली मागून घेतली.

मेलेल्या माणसाचं दुःख एका जागी बसतं. ज्याचं काय झालं हे विचारलंच नाही, त्या माणसाचं तसं नाही. तो वाढत जातो. भटू नानांच्या आत वाढत गेला. नानांचं लग्न झालं तेव्हा तो एकवीसचा असता. त्यांना मुलगा झाला तेव्हा भटूला झाला असता. कधी नाना त्याला मारून टाकत आणि दोन वर्षं सुटका होई. मग एखाद्या बसस्टँडवर त्या वयाचा, त्या ठेवणीचा माणूस दिसे, आणि पुन्हा हिशेब नव्यानं मांडावा लागे. विचारणं सोपं होतं. पिंपळनेरला जाणाऱ्या कुणालाही सांगितलं असतं तरी दोन दिवसांत कळलं असतं. पण विचारलं की उत्तर येतं. म्हणून नानांनी त्या पाड्यावरच्या भिंतीची तेवढी गमतीची गोष्ट बाहेर काढली, तिला साखरपुड्याचे कपडे चढवले, आणि पस्तीस वर्षं गावोगाव फिरवली, की जिथे इतकं हसू आहे तिथे दुसरं काही असेल असं कुणाला वाटू नये. स्वतःलासुद्धा.

सकाळी एरंडोल, पारोळा करत गाडी धुळ्याला निघाली. समीक्षा मांडीवर फाइल धरून तोंडातल्या तोंडात उत्तरं घोकत होती. काचेबाहेर केळीच्या बागा संपून मोकळं रान लागलं, वेचणी झालेल्या कपाशीची काळी खोडं ओळीनं उभी होती, आणि नानांना ती सगळी भाजणीची वाट पाहताहेत असं वाटत होतं. मध्येच ती म्हणाली, "नाना, घाबरलात का? तुम्ही बोलत नाही म्हणजे मला काळजी वाटते." नाना म्हणाले, मी शब्द साठवतोय. ती हसली, तिला बरं वाटलं. खोटं बोलून माणसाला बरं वाटवणं यात नानांचा हात कुणी धरला नसता.

ट्रस्टचं ऑफिस देवपूर भागात, एका बंद पडलेल्या कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. निर्णय ज्यांच्या हातात, त्या सुलक्षणा मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या, केस आखूड, टेबलावर फाइलींच्या शेजारी शेवेची पुडी. त्यांनी अर्ज शेवटच्या पानापासून वाचायला घेतला. समीक्षा चांगली बोलली. नकाशा रंगीत होता. मॅडमनी सगळं ऐकलं, दोन चिमट्या शेव खाल्ली, आणि म्हणाल्या की माझा एकच प्रश्न आहे. बारा पोरं, साडेतीनशे घरं. भेटी खरंच झाल्या हे मला कसं कळणार? समीक्षानं मोबाइलवर ॲप उघडून दाखवलं. भेट झाली की घराचा फोटो, जागा आणि वेळ आपोआप येते. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मागच्या प्रकल्पात आमच्याकडे असे चार हजार फोटो आले. तपासले, तर चाळीस घरांच्या फोटोत एकच मांजर. पोरगा एकाच घराभोवती फिरून फोटो काढायचा, आणि मांजर बिचारं त्याच्यामागे." समीक्षाचा चेहरा उतरला. तिनं दुसरं पान काढलं, अचानक पाहणी, फोनवरून खात्री, असं काहीबाही ती म्हणाली, आणि प्रत्येक उत्तराला मॅडम मान हलवत होत्या, जी होकाराची नव्हती. प्रकल्प टेबलावरच विझत चालला होता हे नानांना दिसत होतं. असं विझताना काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. एक गोष्ट सांगायची. साखरपुड्याची गोष्ट जिभेच्या टोकावर आलीच होती. हशा झाला असता, मॅडमनी चहा मागवला असता. मग त्यांना गेट दिसलं, खडूची ती शेपूट दिसली, आणि चपला पुन्हा ओल्या झाल्यासारख्या वाटल्या.

"मांजर तरी खरं होतं, मॅडम," नाना म्हणाले. "माझ्या वेळी तेही लागत नव्हतं."

आणि त्यांनी सांगितलं. साखरपुडा नाही, नारळ नाही, सात मुलं नाहीत. एका फेरीत तीन तारखा, चौदा नोव्हेंबर, भरीत, काटेरी फांदी. आवाज त्यांना स्वतःचा वाटेना. इतक्या सरळ वाक्यांची त्यांना सवय नव्हती. समीक्षा त्यांच्याकडे पाहतच राहिली. तिच्या नजरेत काय होतं ते पाहायचं त्यांनी टाळलं. एवढंच कळलं की आठ महिन्यांच्या कामावर आपण आत्ता पाणी ओतलं. ज्या कामाचा सल्लागारच असा, त्याला कोण पैसे देईल. मॅडमनी शेवेची पुडी दुमडली. "मग त्या मुलाचं काय झालं?"

"माहीत नाही. मी विचारलं नाही."

"पाडा कुठला?"

इथे नाना नेहमी दुसरंच नाव सांगत. "सावरीपाडा. तुमच्या हातातल्या यादीत चौथा."

मॅडम घड्याळाकडे पाहत उठल्या. त्यांना आज तसंही पिंपळनेरला जायचंच होतं, आणि कागदावरचा पाडा पाहिल्याशिवाय त्या सही करत नसत. आता पाहायचा तर हाच. एवढंच बोलल्या. रागावल्या आहेत की काय, चेहऱ्यावरून काही कळेना.

तिघं मॅडमच्या गाडीनं निघाली. साक्रीच्या वाटेवर कुसुंब्याला चहा झाला. नाना खिडकीशी बसून आपल्या गुडघ्यांकडे पाहत होते. पिंपळनेर मागे पडलं, रस्ता डोंगराला लागला, आणि पायांना ती चढण ओळखीची वाटली. गाडीत बसूनही पोटऱ्या ताठल्या. इथे एक करंजाचं झाड होतं. होतं तसं होतं. इथे एक ओढा होता, आता पूल. आपण पोचूच नये असं त्यांना वाटत होतं, आणि प्रत्येक वळणावर अजून किती, असंही. तेवढ्यात समीक्षानं मागून हात पुढे केला आणि काही न बोलता पाण्याची बाटली दिली. झाकण काढून दिली. नानांनी दोन घोट घेतले. एवढ्या छोट्या गोष्टीनं डोळ्यांत पाणी यावं, याची त्यांना लाज वाटली.

शेवटचं घर आता सिमेंटचं होतं. अंगणात तीन दगडांवर जाळ, जाळावर वांगी, आणि जाळाशी एक म्हातारी उकिडवी बसून लाकडानं वांगी उलटत होती. तो वास. नानांचा हात आपोआप पोटावर गेला. म्हातारीनं मान वर केली, मॅडमकडे पाहिलं, समीक्षाकडे पाहिलं, मग नानांकडे. कपाळावर हात आडवा धरून ती बराच वेळ पाहत राहिली. नानांनी नाव सांगायला तोंड उघडलं.

"सांगू नको," ती म्हणाली. "वळख पटनी. तारखावाला शे तू."

तिनं जळकं लाकूड बाजूला ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि उठून उभी राहिली. सत्तरीची बाई, पण उठली ती एखादं राहिलेलं काम हाती घ्यावं तशी.

"तारीख टाकीसन कोठे गया व्हता रे तू? चौथी शिकेल आंडेर व्हती मन्ही, तिनी वाची दिन्ही. माय, चौदाले दवाईवाला येणार शे. चौदाले सकायमा पोऱ्याले ताप भरना. मी भगतकडे गऊ नही, कोठेच गऊ नही. तू येशी म्हनीसन दिनभर दारमा बठनू. पोऱ्यानं आंग तवासारखं तापेल. तू उना नही."

नाना उभेच होते. मॅडमनी समीक्षाकडे पाहिलं, समीक्षानं हलक्या आवाजात त्यांना अर्थ सांगायला सुरुवात केली, पण मॅडमनी हातानं थांबवलं. अर्थ कळत होता.

"मंग माले असा राग उना, असा राग उना, का पोऱ्याले खाटवर टाकं, चार जनं बलावं, नि दिन मावळाना आत पिंपळनेरना दवाखानामा उनू. दवाईसाठे नही, बरं. तुन्हासंगे भांडाले. तू तठे बी नही व्हता. डाकतरनी पोऱ्याले धरं, सलाईन लावं, आठ रोज ठी लिधं. मी मंग मायेरले गऊ त्याले लीसन. नि भांडन तसंच राही गयं मन्हापान. पस्तीस वरीस व्हयनात."

नानांना ऐकू सगळं येत होतं, पण एकच वाक्य आत शिरत होतं आणि ते त्यांना नीट धरता येत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. "भटू?"

"ऊस लादाले जायेल शे. ट्रॅक्टर शे त्यानं. नातू व्हयना त्याले दिवायीमा." तिनं कपाळाला आठी घातली. "तू काय समजना व्हता?"

नाना खाली बसले. अंगणातल्या सारवणावर, धुराच्या तोंडाशी. भटू बावन्न वर्षांचा होता आणि ऊस लादत होता. आजोबा होता. नानांच्या आत वाढत आलेला तो दुसरा भटू, कधी जिवंत कधी मेलेला, उठला आणि निघून गेला, आणि त्याची जागा इतकी मोठी होती की ती रिकामी होताच श्वास कुठपर्यंत जातो हे त्यांना कळेना. वर द्रौपदाबाईचं भांडण चालूच होतं. आता ती मुळापर्यंत गेली होती. नानांचा चालण्याचा ढंग, ती खाकी पिशवी, बोट टोचताना दुखणार नाही म्हणून सांगायची खोटी सवय, भिंतीवर काढलेला तो भुताचा तक्ता, जो पुसायला तिला तीन दिवाळ्या लागल्या. एकेक आरोप खरा होता. एकेकावर नाना मान हलवत होते, आणि इतक्या वर्षांत त्यांना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. कुणीतरी त्यांचं सामान त्यांच्या हातात परत देत होतं, एकेक वस्तू मोजून. आणि ते आजवर जे वाहत आले त्याहून खूपच कमी निघालं. समीक्षा पाठ फिरवून उभी होती, पण खांदे हलत होते. रडते की हसते, दोन्ही.

भांडण संपलं ते दमून नाही, वांगी झाली म्हणून. द्रौपदाबाई खाली बसली, सालं काढली, लाकडी बडगीत घालून मुसळीनं ठेचली, वर मिरची आणि कच्चं तेल, आणि उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी मोडून नानांच्या हातावर ठेवली. खाय, म्हणाली, तोंड असं काय करस. नानांनी खाल्लं. पहिला घास जिभेवर पस्तीस वर्षांचा होता. दुसरा नुसता भरताचा होता. पाचव्या घासाला त्यांनी आणखी मागितलं.

सुलक्षणा मॅडमही मांडी घालून जेवत होत्या, ठेच्यानं डोळे पुसत. जेवता जेवता त्यांनी विचारलं, आजी, ही पोरं आता घरोघर येणार आहेत, ती खरंच आली हे मला धुळ्यात बसून कसं कळावं? नानांनी मान खाली घातली. द्रौपदाबाईला प्रश्नच विचित्र वाटला. तुम्हाला कशाला कळायला पाहिजे, ती म्हणाली. "आमले कळाले पाहिजे. येणार त्या दिननी तारीख आम्ही टाकसूत, आमना हातखाल. नही उना, ते आम्ही त्याना घर भांडाले जासूत."

मॅडमनी घास तसाच धरून ठेवला. मग बोटं चाटली, फाइल मागवली आणि मांडीवर उघडली. 'भेटीची नोंद' या रकान्यात 'कार्यकर्ता' होतं ते खोडलं आणि वर 'घरची बाई' असं लिहिलं. त्याखाली आणखी काहीतरी लिहून सही केली. कमिटीसमोर जायचं बाकी होतं, ते दोन आठवड्यांत होईल, पण माझ्या बाजूनं झालं असं समजा, असं त्या समीक्षाला म्हणाल्या, आणि पुन्हा भाकरी मोडली. समीक्षा 'थँक यू' म्हणाली नाही. तिनं नानांच्या भाकरीवर आणखी एक चमचा भरीत वाढलं.

निघताना नाना द्रौपदाबाईच्या पाया पडायला वाकले. तिनं पाय मागे घेतले. परत कधी येशी, तिनं विचारलं. नाना म्हणाले, होळीला येतो, भटूला भेटायला. ती आत गेली, चुलीतला कोळसा घेऊन आली आणि दाराशेजारच्या नव्या सिमेंटच्या भिंतीवर तिनं एक जाळ काढला: खाली दोन लाकडं, वर तीन जिभा. होळी. अक्षर येत नव्हतं तरी शंका घ्यायला कुठे जागा नव्हती.

"नही उना," ती म्हणाली, "ते मी जळगाव येसू."

पिंप्राळ्याला पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. सुनंदाबाईंनी खिचडी टाकू का विचारलं. नाना म्हणाले की वांगी आणली आहेत, भरीत कर. त्यांनी पुढे होऊन नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. नानांनी सगळं सांगितलं तेव्हा त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, यातलं खरं किती? या वेळी भेसळ काहीच नाही, नाना म्हणाले, म्हणूनच कुठे सांगता येणार नाही.

मग ते गेटशी गेले. खडूची खूण तशीच होती, बरोबरची खूण, शेपटीवाली सही. पुसायला घेतलेलं फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं. नातवाच्या जुन्या पाटीपेटीतून एक खडू शोधून आणला आणि त्या सहीच्या खाली, ठळक, आडव्या ओळीत, ज्यानं आजवर खोट्याशिवाय काही लिहिलं नव्हतं त्या हातानं लिहिलं:

'२२ तारखेला कुणी आलं नाही. दिवसभर घरी होतो. परत या. आधी भांडू, मग चहा.'

खाली पूर्ण नाव घातलं. हात जरा थरथरला, ते त्यांना बरं वाटलं. गेटची कडी काढून ठेवली, आणि ओट्यावरच्या खुर्चीत रस्त्याकडे तोंड करून ते वाट पाहत बसले.